पहिली लोकरीची टोपी: रोज दोन ओळी, एक महिना

गोव्यात राहून लोकर विणते म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "इथं घालणार कोण?" माझ्या घरात या प्रश्नाला उत्तर आहे. धाकटा भाऊ तारवटी आहे, वर्षातले सात-आठ महिने बोटीवर असतो आणि त्यातले बरेच दिवस उत्तरेकडच्या थंड समुद्रात काढतो. भाची पुण्याला शिकते, डिसेंबरात फोनवर कुडकुडत बोलते. शेजारच्या वहिनींचं नातवंड कॅनडात जन्मलं. आणि जानेवारीत सत्तरी तालुक्यातून पहाटेची कदंब बस पकडणाऱ्यांनी कानाला गुंडाळलेले रुमाल पाहिले की वाटतं, थंडी अगदीच परकी नाही. गोव्यातल्या बहुतेक घरांचं कुणी ना कुणी थंडीत राहतं. लोकर आपण इथं विणायची आणि ती ऊब तिकडं जाते.

ज्यांनी सुया कधी हातात धरल्या नाहीत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी सावकाश विणणारी आहे. रात्री जेवणं आटोपली की सोप्यावर बसून दोन ओळी, क्वचित चार. एका टोपीला महिना लागतो आणि मला तो पुरेसा वाटतो. खाली दिलेली टोपी ५७ ओळींची आहे, टाके मोजले तर सुमारे पाच हजार. चवथीला टाके घातले, म्हणजे सुईवर पहिली रांग चढवली, तर दसऱ्याच्या आधी टोपी हातात येते.

मफलरने सुरुवात करू नका

नव्या माणसाला सगळे मफलर विणायला सांगतात, कारण त्यात काही वाढवायचं-कमी करायचं नसतं. मला हा सल्ला पटत नाही. २० सेंटिमीटर रुंद आणि दीड मीटर लांब मफलर म्हणजे जवळजवळ १७ हजार टाके, टोपीच्या तिपटीहून जास्त. शिवाय विणलेला भाग मांडीवर साठत जातो. एप्रिल-मेच्या उकाड्यात मांडीवर पाव किलो लोकर घेऊन कुणी विणू शकत नाही, आणि मफलर मग अर्धवट राहून कपाटात जातो. टोपी शेवटपर्यंत ओंजळीएवढीच राहते. एका लहान पिशवीत मावते, चोडणच्या फेरीबोटीची वाट पाहताना बाहेर काढता येते. आणि टोपीत टाके घालणं, काठ, सपाट वीण, टाके कमी करणं, शिवणं हे सगळं येतं. ती झाली की स्वेटरची अर्धी विद्या हाती आलेली असते.

सामान

लागेल ते असं: मध्यम जाडीची लोकर १०० ग्रॅम, सुयांच्या दोन जोड्या, बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई, मोजपट्टी, कात्री आणि क्रोशाची एक सुई. टोपीला ६० ते ८० ग्रॅम लोकर पुरते, उरलेली नमुन्याला आणि डागडुजीला.

सुयांच्या नंबरांत नवी माणसं फसतात. आपल्याकडं जुनी इंग्रजी पद्धत चालते आणि तिच्यात नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. ७ नंबर म्हणजे साडेचार मिलिमीटर, ८ नंबर म्हणजे ४, ९ नंबर म्हणजे पावणेचार, १२ नंबर म्हणजे पावणेतीन. अमेरिकी नंबर याच्या उलट चालतात. योगायोगानं ७ नंबर दोन्हीकडे साडेचार मिलिमीटरच आहे, पण ८ नंबर म्हटलं तर इथली सुई ४ मिलिमीटरची आणि तिकडची ५. म्हणून इंटरनेटवरचा नमुना घेऊन दुकानात जाताना नंबर न सांगता मिलिमीटर सांगा. आपल्याला हव्यात काठासाठी ९ नंबर आणि वरच्या भागासाठी ७ नंबर, दोन्ही साधारण ३५ सेंटिमीटर लांबीच्या.

सुया धातूच्या घ्यायच्या की बांबूच्या? समुद्राकाठच्या हवेत साध्या पोलादाला गंज धरतो आणि गंजाचा डाग लोकरीतून जात नाही. ॲल्युमिनियमच्या सुया गंजत नाहीत आणि स्वस्तही असतात. बांबूच्या सुईवरून टाका पटकन निसटत नाही, म्हणून नवख्या हाताला मी तीच देते. पावसाळ्यात मात्र ती दमट होऊन चिकटल्यासारखी वाटते. मेणबत्तीचा तुकडा सुईवर हलका घासून कोरड्या फडक्यानं पुसला की पुन्हा टाके सरकतात.

आता लोकर. शिवणकामाचं सामान ठेवणाऱ्या दुकानांत 'लोकर' म्हणून जे मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक असतं. लुधियानाच्या गिरण्यांतून येतं, रंग छान असतात, धुवायला सोपं असतं, कसर लागत नाही. शिकायला ते उत्तम. पण खऱ्या थंडीत डोक्यावर बसणारी टोपी असेल तर मेंढीची लोकर, निदान निम्मी तरी लोकर असलेला धागा घ्या. लोकरीचा तंतू आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी ओल पोटात घेतो तरी हाताला ओला लागत नाही, आणि दमट झाला तरी ऊब सोडत नाही. डेकवर उभ्या माणसाला हा फरक लगेच कळतो. लेबल वाचा, आणि त्यावरचा रंगाचा लॉट नंबर सगळ्या गुंड्यांवर एकच आहे ना ते पाहा. दोन लॉटचा निळा दुकानातल्या दिव्याखाली सारखा दिसतो, उन्हात वेगळा.

पहिल्या टोपीला फिका, एकरंगी धागा घ्या. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत रात्री टाके दिसत नाहीत.

दोनच टाके

सगळं विणकाम सुलट आणि उलट या दोन टाक्यांवर उभं आहे.

सुलट टाक्याला धागा कामाच्या मागे असतो. उजवी सुई डाव्या सुईवरच्या पहिल्या टाक्यात पुढून मागे घाला, टोकाभोवती धागा घ्या, तो धागा टाक्यातून आपल्याकडे ओढून काढा आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्या. उलट टाक्याला धागा पुढे, आपल्या बाजूला घ्यायचा. उजव्या सुईचं टोक टाक्यात मागून आपल्याकडे आणायचं, त्यावर धागा घ्यायचा, मागे ढकलून काढायचा, जुना टाका सोडायचा.

गोव्यात एक सोय आहे. इथं कितीतरी घरांत क्रोशा चालतो. टेबलावरची आच्छादनं, कपड्यांच्या कडा, देव्हाऱ्यापुढचे रुमाल. तुम्ही क्रोशा केला असेल तर धागा डाव्या हाताच्या बोटांवर ताणून धरायची सवय तुम्हाला आहेच. विणतानाही धागा डाव्याच हातात ठेवा आणि सुईच्या टोकानं तो उचला. धागा उजव्या हातानं सुईभोवती फिरवायची पद्धतही आहे, माझ्या मावशीनं मला तीच शिकवली, पण क्रोशावाल्या मैत्रिणींना डावी पद्धत दोन दिवसांत जमलेली मी पाहिली आहे. कापड दोन्हींनी सारखंच होतं.

टाके पाहायला शिका. सुलट टाका वेणीच्या पेडासारखा दिसतो, उलट टाका आडव्या दाण्यासारखा. सुलट टाक्याची मागची बाजू म्हणजेच उलट टाका. हे एकदा डोळ्यांत बसलं की काठ विणताना तोंडानं मोजावं लागत नाही. समोर पेड दिसला की सुलट, दाणा दिसला की उलट.

पहिला आठवडा टोपीचा विचारही करू नका. वीस टाके घाला, चार दिवस सगळे सुलट विणा, मग एक ओळ सुलट, एक ओळ उलट. उसवा, पुन्हा घाला. बोटं आखडतात, टाके इतके घट्ट होतात की सुई शिरत नाही. खांदे सैल सोडा आणि टाका सुईच्या निमुळत्या टोकावर न बनवता जाड भागावर बनवा, घट्टपणा कमी होतो. हाताला घाम येत असेल तर हात धुऊन कोरडे करा, चिमूटभर टाल्कम पावडर लावा, मांडीवर सुती पंचा घ्या. मी मार्च ते मे पहाटेच विणते.

नमुन्याचा तुकडा

हा भाग वगळायचा मोह सगळ्यांना होतो. मलाही झाला होता आणि पुतण्यासाठी विणलेली पहिली टोपी त्याच्या नाकापर्यंत आली. महिनाभराचं काम उसवताना वाईट वाटलं. तेव्हापासून नमुना विणल्याशिवाय मी टाके घालत नाही.

७ नंबरच्या सुयांवर ३० टाके घाला आणि एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी १२-१३ सेंटिमीटर उंच चौकट विणा. ती धुवा, सपाट वाळवा, मग मोजा. न धुता मोजलं तर माप खोटं येतं, कारण पाण्यानं लोकर पसरते. तुकड्याच्या मधोमध १० सेंटिमीटर आडवे मोजून त्यात किती टाके बसतात ते पाहा. २० आले तर खालचे आकडे जसेच्या तसे चालतील. २२ आले तर तुमचा हात घट्ट आहे, एक नंबर जाड सुई घ्या. १८ आले तर एक नंबर बारीक.

मोठ्या माणसाचं डोकं साधारण ५४ ते ५८ सेंटिमीटर असतं, भुवयांच्या वरून आणि कानांच्या वरून फिरवून मोजायचं. टोपी त्याहून थोडी लहान हवी, तरच ती ताणून बसते. ५४-५६ च्या डोक्याला ४८ सेंटिमीटरची टोपी सुरेख बसते. सेंटिमीटरला दोन टाके म्हणजे ९६, शिवणीला दोन जास्त, एकूण ९८.

इतर मापांसाठी एवढं लक्षात ठेवा: टाक्यांचा आकडा आठच्या पटीत अधिक दोन. नव्या बाळाचं डोकं ३५ सेंटिमीटरच्या आसपास असतं, त्याला ६४ अधिक २ म्हणजे ६६ टाके होतात.

आता टोपी

९ नंबरच्या सुईवर ९८ टाके घाला. अंगठ्यानं टाके घालत असाल तर आधी दीड मीटरभर शेपूट सोडा, एका टाक्याला साधारण दीड सेंटिमीटर धागा जातो. टाके घालताना दोन सुया एकत्र धरून त्यांच्यावर घाला आणि मग एक सुई ओढून काढा. असं केलं की कड सैल राहते. घट्ट कडेची टोपी कपाळावर वळ उठवते आणि कुणी ती दुसऱ्यांदा घालत नाही.

काठ दोन सुलट, दोन उलट. पहिली ओळ दोन सुलटने सुरू करा, दोन सुलटनेच संपेल. परतीची ओळ दोन उलटने सुरू होऊन दोन उलटने संपते. संपताना हिशेब जुळला नाही तर त्या ओळीतच कुठेतरी चूक आहे, पुढं जाऊ नका. अशा १४ ओळी, म्हणजे साधारण ५ सेंटिमीटर. कानावर दुहेरी काठ हवा असेल तर २८ ओळी विणा आणि घालताना दुमडा. मात्र त्याला महिन्यावर आणखी एक आठवडा धरा.

मग ७ नंबरच्या सुया घ्या. पुढच्या बाजूनं पूर्ण ओळ सुलट, मागच्या बाजूनं पूर्ण ओळ उलट. २८ ओळी, म्हणजे १० सेंटिमीटर. हा मधला पट्टा कंटाळवाणा वाटतो असं काही जण म्हणतात. मला तो सगळ्यात आवडतो. हात आपोआप चालतो, बाहेर पाऊस पडत असतो, दोन ओळी कधी होतात कळत नाही.

आता माथा. पुढच्या बाजूची ओळ. पहिला टाका सुलट, तो शिवणीचा. मग १० सुलट आणि २ टाके एकत्र सुलट (सुई दोन्ही टाक्यांत एकदम घालून), असं आठ वेळा. शेवटचा टाका सुलट. ९८ चे ९० झाले पाहिजेत, मोजा. परतीची ओळ पूर्ण उलट. पुढच्या वेळी ९ सुलट आणि २ एकत्र, मग ८ आणि २ एकत्र, असं उतरत ५ आणि २ एकत्रपर्यंत या. प्रत्येक वेळी मधली परतीची ओळ उलट. आता सुईवर ५० टाके आहेत. पुढच्या ओळीत दोन्ही कडांचा एकेक टाका सोडून बाकीचे सगळे टाके दोन-दोन एकत्र विणा, २६ राहतील. एक ओळ उलट. पुन्हा दोन-दोन एकत्र, १४ राहतील.

धागा अर्धा मीटर ठेवून तोडा, बोथट सुईत ओवा, त्या १४ टाक्यांतून काढा, सुई बाहेर घ्या आणि ओढा. माथा मिटतो. पहिल्यांदा तो मिटताना पाहिला तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन आईला दाखवला होता. सपाट तुकड्याची एकदम टोपी होते.

त्याच धाग्यानं शिवण घाला. दोन्ही कडा शेजारी ठेवा, चांगली बाजू आपल्याकडे. कडेचा टाका आणि त्याच्या शेजारचा टाका यांच्यामध्ये आडवे धागे दिसतात, शिडीच्या पायऱ्यांसारखे. एकदा डावीकडची पायरी, एकदा उजवीकडची, असं उचलत खाली या आणि दर पाच-सहा पायऱ्यांनी धागा हळू ओढा. कडेचे टाके आत वळतात आणि दोन्हीकडचा एकेक सुलट मिळून काठाची दोन सुलटची रेघ पूर्ण होते.

गोंडा लावायचा की नाही ते कुणाला देणार यावर ठरवा. भावाला हेल्मेटखाली घालायची असते, त्याच्या टोपीला मी गोंडा लावत नाही.

चुका आणि त्यांची दुरुस्ती

टाके वाढत चालले असतील तर बहुधा काठात धागा पुढे-मागे न्यायचा राहिला आहे. सुलटवरून उलटवर जाताना धागा दोन सुयांच्या मधून पुढे यायला हवा. तो सुईवरून आला की एक फुकटचा टाका तयार होतो आणि खाली भोक पडतं. दर दोन ओळींनी मोजलं तर हे लगेच सापडतं.

टाका गळाला तर घाबरून कापड ओढू नका. गळालेला टाका खाली शिडी सोडत जातो. क्रोशाच्या सुईनं टाका पकडा आणि शिडीची एकेक पायरी त्यातून ओढत वर आणा. आधी त्याला सेफ्टी पिन लावून ठेवली तर दम खाऊनही करता येतं.

ओळ अर्धी सोडून उठायची वेळ आली, कुकरची शिट्टी झाली किंवा फेरीबोट आली, तर परत बसताना कुठल्या दिशेनं जायचं हा गोंधळ होतो. चालू धागा ज्या सुईला लोंबतो ती सुई उजव्या हातात. उलट धरलं तर मध्येच परत फिरल्यासारखं होतं आणि कापडात खाच पडते.

माथा सुरू करण्यापूर्वी वेगळ्या रंगाचा सुती दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा. पुढं बिघडलं तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवावं लागतं.

धुणं, वाळवणं, ठेवणं

लोकर कोमट पाण्यात, रिठ्याच्या पाण्यानं किंवा थोड्या शांपूनं धुवा. चोळायचं नाही, पिळायचं नाही. गरम पाणी आणि घासणं यांनी लोकरीचे तंतू एकमेकांत अडकतात आणि टोपी आटून बाळाची होते, मग ती परत सुटत नाही. पंच्यात गुंडाळून दाबा, पाणी पंचा घेतो. दोरीवर टांगली तर लांबट होईल, म्हणून सावलीत सपाट पसरा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पंख्याखाली दोन-तीन दिवस धरून चला. ॲक्रिलिकला इस्त्री लावू नका, तंतू वितळून कापड लुळं पडतं. त्याच कारणानं ॲक्रिलिकचं काहीही गॅसजवळ वापरायला विणू नका.

कसरीची अळी घामाचा, तेलाचा अंश असलेल्या लोकरीवर जास्त येते, म्हणून धुतल्याशिवाय काही ठेवू नका. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आपल्या प्रदेशात बुरशीची भीती कसरीपेक्षा मोठी. पूर्ण वाळल्यावर जुन्या धुवट सुती कापडात बांधा, कडुलिंबाची वाळलेली पानं घाला आणि श्रावणात ऊन पडेल त्या दिवशी उघडून हवा दाखवा. प्लॅस्टिकची पिशवी टाळा.

पुढं काय विणायचं

बाळंतविडा. टोपडं, पायमोजे, लहानसा स्वेटर. धागा मऊ हवा, नाड्या लांब नकोत, मणी-बटणं शक्यतो नकोत, आतल्या बाजूला बोट अडकेल असा सैल धागा राहू देऊ नका. कुठल्याही बाळाला मात्र घरात झोपताना टोपडं घालू नये, अंग फार तापतं. इथल्या बाळासाठी सुती धाग्याचं विणा, लोकरीचं थंडीतल्या बाळासाठी. केमोथेरपीत केस गेलेल्या माणसासाठी टोपी करायची झाली तर तीही मऊ सुती धाग्याची, कारण उघड्या त्वचेला लोकर टोचते. रुग्णालयाला द्यायच्या असतील तर तिथल्या परिचारिकांना आधी विचारा, कुठल्या मापाच्या हव्यात आणि कशा धुतल्या जातात ते.

टोपी पाठवताना मी एका छोट्या पुठ्ठ्यावर त्याच लोकरीचा दोन-तीन मीटर धागा गुंडाळून बरोबर देते. भावाच्या पहिल्या टोपीचा काठ दुसऱ्या वर्षी कुठल्याशा खिळ्याला लागून उसवला होता. बोटीवरच्या एका सोबत्यानं त्या धाग्यानं तो शिवून दिला, आणि टोपी अजून चालू आहे.